पहिलं कॉकपिट सेसनाचं बांधा

वाचकाचं पत्र : वीज कंपनीतून अभियंता म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. चिंचवडला राहतो. विमानांचं वेड शाळेपासूनचं, नोकरीत ते मागं पडलं. आता घरी फ्लाइट सिम्युलेटरचं कॉकपिट बांधायचं ठरवलंय. दहा बाय अकराची एक खोली मोकळी आहे. तिथं बोइंग ७३७चं पूर्ण कॉकपिट, डोक्यावरच्या पॅनेलसकट, उभं करावं असं मनात आहे. संगणक धरून दोन-अडीच लाखांपर्यंत खर्च करीन. हिचं म्हणणं, मुलगी आणि नातवंडं आली की तीच खोली लागते, तिथं कायमचा सांगाडा नको. शिवाय माझा भाचा बारावीनंतर वैमानिकाच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणतो. त्याला याचा उपयोग होईल का? इथले तास कुठं धरले जातात का? आणि सुरुवात नेमकी कशापासून करू?
— एक वाचक, चिंचवड

स. न. वि. वि.

पॅनेल, रिले आणि वायरिंग यांत हयात घालवलेल्या माणसाला हे काम जमेल, याबद्दल मला शंका नाही. तरी आधी बेत बदलायची विनंती करतो. पहिलं कॉकपिट ७३७चं करू नका, सेसना १७२चं करा. एका इंजिनाचं, चार आसनी, १९५६ साली उत्पादन सुरू झालेलं आणि जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेलं हे विमान. घरातल्या साधनांत ते जवळजवळ पूर्णपणे खरं करता येतं, हे माझं मुख्य कारण.

७३७मध्ये न दिसणारं काम फार आहे. इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल लावला की थ्रॉटलचे दांडे आपोआप पुढंमागं सरकतात. विमानाचं नाक हव्या त्या कोनात टिकवणारी ट्रिमची चाकं मांडीशेजारी गरगर फिरतात. ऑटोपायलटवर योक, म्हणजे विमानाचं हातातलं सुकाणू, स्वतःहून हलतो. हे सगळं हुबेहूब करायचं तर मोटारी, त्यांचे ड्रायव्हर, क्लच, जागेची नोंद घेणारे सेन्सर असा वेगळाच प्रकल्प उभा राहतो. नाही केलं, तर हातातला दांडा एका जागी आणि सिम्युलेटरमधला थ्रॉटल दुसऱ्या जागी, अशी अवस्था होते, आणि ऑटोथ्रॉटल काढल्याबरोबर इंजिनाची ताकद एकदम उडी मारते. पुढं कधी जेटच करायचं झालं तर एअरबस ए३२० घ्या. त्यात योकऐवजी बाजूला छोटा दांडा, म्हणजे साइडस्टिक असते, आणि थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या खाचेत ठेवला की ऑटोथ्रस्ट (एअरबसचा ऑटोथ्रॉटल) चालू असतानाही तो जागचा हलत नाही. घरी बांधणाऱ्याला हे फार सोयीचं. पण तिथंही डोक्यावरचं पॅनेल आहे, उड्डाणाचा मार्ग भरायची दोन यंत्रं (एमसीडीयू) आहेत, शेकडो बटणं आणि दिवे आहेत. तुमच्या रकमेतला मोठा वाटा संगणकच घेणार. उरलेल्यात हे अर्धवट होईल, आणि अर्धवट कॉकपिटमध्ये कुणी रोज बसत नाही.

माझा या छंदातला एकच आग्रह आहे : हाताला जे लागतं ते खरं करा, नुसतं डोळ्यांना दिसतं ते पडद्यावर राहू द्या. योक, पेडल, थ्रॉटल, ट्रिम, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा), चावी, स्विच यांना वजन, खटका आणि नेमकी जागा हवी. दरवाज्याचा आतला पत्रा, छताचा आकार, बाहेरून दिसणारं नाक यांवर सुरुवातीला एक रुपयाही घालू नका. एडविन लिंक यानं १९२९ साली वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात वैमानिकांच्या सरावासाठी जो पहिला ट्रेनर बनवला, तो ऑर्गनचेच भाते आणि हवेचा पंप वापरून. त्याचं झाकण लावलं की आतल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नसे. समोर उपकरणांची घड्याळं, हातात दांडा, पायाखाली पेडल, एवढंच. १९३४मध्ये अमेरिकेत लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं. खराब हवेत उपकरणांवर उडायचा सराव नसलेले वैमानिक एकामागून एक अपघातांत गेले, आणि मग लष्करानं लिंकचे सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या पेटीत बसून शिकले. दृश्याशिवायही सिम्युलेटर उपयोगी पडतो, हे त्यानं सिद्ध केलं. हातांशिवाय मात्र पडत नाही.

म्हणून तुमच्यासाठी कसोटी ठरवून टाकतो. मास्टर स्विच लावण्यापासून इंजिन बंद करेपर्यंत, मुंबईच्या जुहूहून पुण्याच्या लोहगावपर्यंतचं एक उड्डाण, माऊस आणि कीबोर्डला हात न लावता. १७२मध्ये हे साधारण पाऊण तासाचं काम. जुहू जवळजवळ समुद्रसपाटीला, लोहगाव १,९४२ फुटांवर, मध्ये घाट. चढाई, इंधन-हवेचं मिश्रण पातळ करणं, अल्टिमीटरचा (उंचीमापकाचा) दाब बदलणं, सगळं त्यात येतं. कुठल्याही वस्तूवर खर्च करताना एवढंच विचारा की या उड्डाणात तिला हात लागतो का. आणि १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन उतरले ते याच जुहूला. पहिल्या उड्डाणाला यापेक्षा चांगली धावपट्टी मला सुचत नाही.

आता सुरुवात. लाकूड आणायच्या आधी पुठ्ठा आणा. फ्रिजची, टीव्हीची मोठी खोकी कापून पॅनेल उभं करा, त्यावर योकची जागा, थ्रॉटलची जागा, स्विचांच्या रांगा आखा, आणि त्यात बसून पंधरा-वीस दिवस सिम्युलेटर चालवा. बहुतेक घरगुती कॉकपिट बसण्याच्या मापात फसतात. जेवणाच्या टेबलाला योक लावला की तो फार वर येतो, कोपर उचलून धरावं लागतं आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. सेसनात योकचा दांडा पॅनेलमधूनच बाहेर येतो आणि हात मांडीच्या थोडा वर, सैल राहतो. तुम्ही डावीकडच्या आसनावर असता. डावा हात योकवर, उजवा थ्रॉटलवर. थ्रॉटलची काळी मूठ, तिच्या उजवीकडे मिश्रणाची लाल मूठ, त्यापलीकडे फ्लॅपचा दांडा. ट्रिमचं उभं चाक खाली, मधोमध. इंधनाची टाकी निवडायचा फ्युएल सिलेक्टर त्याच्याही खाली, जमिनीलगत. डोळे मिटून हात बरोबर तिथं जाईपर्यंत पुठ्ठ्यावरच जागा बदलत राहा.

खुर्ची चाकांची नको. ब्रेकसाठी पेडल दाबलं की ती मागं पळते. गाड्यांच्या भंगारात एखाद्या लहान मोटारीचं पुढचं आसन रुळांसकट मिळतं, ते सर्वांत उत्तम. रूळ असले की तुम्हीही बसाल आणि लांब पायांचा भाचाही. आसन आणि पेडल एकाच फळीवर पक्के करा, म्हणजे पायाचा जोर फळीतच जिरतो. पेडलला तिरका आधार द्या, टाच जमिनीवर टेकलेली राहिली पाहिजे.

वहिनींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि त्याचा फायदा तुमच्या बांधणीलाच होणार आहे. सांगाडा तीन भागांत करा : आसन-पेडलची फळी, पॅनेलचा स्टँड, पडद्याचा स्टँड. अठरा मिलीमीटरचं प्लायवूड, जोडांना खिळे किंवा फेविकॉल नाही, फक्त नट-बोल्ट आणि टी-नट. खाली ब्रेकची चाकं. भागांमधल्या तारांना मधोमध कनेक्टर. नातवंडं येणार म्हटलं की तासाभरात सगळं भिंतीला लागलं पाहिजे. प्रत्येक भाग खोलीच्या दारातून बाहेर जातो का, हे आधी टेपनं मोजा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरं विमान बांधलं, आणि २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते तिथून खाली उतरवावं लागलं. त्यांची जिद्द घ्या, पण उतरवायची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवा. शिवाय सुटं होणारं कॉकपिट दुरुस्त करता येतं. पॅनेलच्या मागं हात पोहोचत नसेल तर एका सैल तारेसाठी महिनाभर काम अडतं.

काय विकत घ्यावं आणि काय बनवावं? योक आणि रडर पेडल विकत घ्या. यांत हात घालायचा मोह तुम्हाला होईल, पण योकच्या दांड्याची पुढंमागं सरक आणि गोल फिरणं, दोन्ही एकाच वेळी लोण्यासारखं गुळगुळीत होणं हे बेअरिंगचं काम आहे, आणि ते घरी साधता साधता वर्ष जातं. हनीकोम्बच्या अल्फा योकवर मास्टर, दिवे आणि मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) चावी आधीच बसवलेली असते आणि तो १८० अंश फिरतो. लॉजिटेकचा योक बराच स्वस्त, पण ९० अंशांतच फिरतो, त्यामुळं हाताला थोडा चटकन वाटतो. जमलं तर पहिला. जुना, वापरलेला मिळाला तरी चालेल, मात्र विकत घेण्याआधी मधल्या जागेवर तो थरथरतो का, हे संगणकाला लावून बघा. पेडलना वरच्या टोकाला पंज्यानं दाबायचे ब्रेक असलेच पाहिजेत.

बाकी सगळं तुम्ही बनवा. त्यात ट्रिमच्या चाकावर सर्वांत जास्त जीव लावा. खऱ्या विमानात योकवरचा दाब घालवायला ट्रिम फिरवतात. घरचा योक स्प्रिंगचा असतो, त्याला वाऱ्याचा दाब कळत नाही. म्हणून इथं योक आहे तिथं धरून ठेवायचा, ट्रिम फिरवत राहायचं आणि हळूहळू हात मधल्या जागेवर येऊ द्यायचा. हे जमायला चाक मोठं, बारीक फिरणारं हवं. दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर बदलणारा रेझिस्टर) त्याच्या आसाला लावा. योकवरच्या ट्रिमच्या बटणानं काम भागतं असं पुष्कळ जण म्हणतील, पण बटण टकटक दाबून सरळ पातळीत उडणं हा सततचा वैताग आहे.

थ्रॉटल आणि मिश्रणासाठी सरकणारा दांडा आणि त्याच्या टोकाला साधा लिनिअर पोटेन्शिओमीटर, किंवा चुंबक आणि हॉल सेन्सर. हॉल सेन्सरमध्ये घासणारं काही नसतं, म्हणून तो पुण्याच्या धुळीतही टिकतो.

इलेक्ट्रॉनिक्स तुम्हाला शिकवायला नको, फक्त इथल्या खोडी सांगतो. आर्डुइनो मेगा २५६० हा स्विच संगणकाला जोडणारा एक छोटा कंट्रोलर बोर्ड घ्या. त्यावर ५४ डिजिटल आणि १६ अ‍ॅनालॉग पिना आहेत, आणि १७२ला स्विच, चावी, फ्लॅप, सिलेक्टर आणि घुंड्या धरून याहून जास्त लागत नाहीत. त्यावर मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर टाका. प्रोग्रॅमिंग न करता प्रत्येक पिनेला काम नेमून देता येतं. पुल-अप बोर्डाच्या आतच असतो, म्हणून स्विचची एक तार पिनेला, दुसरी ग्राउंडला, बाहेरून रेझिस्टर नको. अल्टिमीटरच्या दाबाची घुंडी, हेडिंगची घुंडी अशा न थांबता फिरणाऱ्या गोष्टींना रोटरी एन्कोडर. पोटेन्शिओमीटरच्या तारा आखूड आणि शिल्डच्या ठेवा, नाहीतर थ्रॉटल हात न लावता हलताना दिसेल. यूएसबी २.०च्या एका पोर्टातून ५०० मिलीअँपिअरच मिळतात, तेव्हा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरचा हब घ्या. विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करा. ऐन उतरताना पेडल मेल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथं असतं. आणि आणखी एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. तुमचा लाइटचा स्विच वर असतो, पण सिम्युलेटर उघडताना त्याच्या हिशेबी तो खाली असतो. म्हणून प्रत्येक उड्डाण सगळं बंद असलेल्या विमानापासून सुरू करायचं आणि बसताना हातानं सगळे स्विच बंद करायचे. खऱ्या चेकलिस्टमध्येही तेच आहे.

हे सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळेल. नाहीच मिळालं तर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. स्विच ऑनलाइन मागवू नका, दुकानात उभं राहून खटका बोटानं तपासून घ्या. पुढची कित्येक वर्षं तोच खटका तुम्ही रोज अनुभवणार आहात.

घड्याळं खरी करायच्या भानगडीत सध्या पडू नका. विमानातल्या प्रमाणित घड्याळाचा व्यास सव्वातीन इंचांहून थोडा कमी, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटर. वेग, क्षितिज, उंची वरच्या ओळीत. टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं), हेडिंग (दिशा), चढ-उताराचा दर खालच्या ओळीत. अशी सहा घड्याळं जुन्या पंधरा इंची चौकोनी मॉनिटरवर जवळजवळ मूळ आकारात बसतात, कारण त्याची काच साडेतीस बाय तेवीस सेंटिमीटरची असते. समोर गोल भोकं पाडलेलं तीन मिलीमीटरचं काळं अ‍ॅक्रिलिक लावा. लेझर कटिंगवाला ते तासाभरात कापून देतो. घड्याळं दाखवायला एअर मॅनेजर हे सॉफ्टवेअर आहे. दोन अडचणी येतात : जुन्या मॉनिटरला व्हीजीए लागतं आणि नव्या ग्राफिक्स कार्डावर ते नसतं, म्हणून कन्व्हर्टर हवा, आणि तिरकं पाहिलं की असे काही मॉनिटर काळे पडतात, म्हणून तो तुमच्या डोळ्यांकडे किंचित कलवून बसवा.

बाहेरच्या दृश्याला एक मोठा पडदा पुरे. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून ८० सेंटिमीटरवर ठेवला तर सुमारे ६१ अंशांचं दृश्य मिळतं. ३२ इंची त्याच अंतरावर ४८च अंश देतो. टीव्ही वापरलात तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर हात आणि चित्र यांत जाणवणारी दिरंगाई येते. पॅनेलची वरची कड क्षितिजाच्या आड येता कामा नये, हे पुठ्ठ्याच्या टप्प्यावरच तपासा. मात्र धावपट्टीला वळसा घालून उतरताना डावीकडे पाहावंच लागतं, आणि एका पडद्यात ते दिसत नाही. त्यासाठी ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम वापरा. मान वळली की दृश्य वळतं. व्हीआरचा चष्मा सध्या नको. तो लावला की एवढ्या मेहनतीनं बनवलेलं पॅनेल तुम्हालाच दिसणार नाही.

सॉफ्टवेअरचा निर्णय तुमच्या इंटरनेटवर सोडा. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जमिनीचं चित्रण इंटरनेटवरून आणत राहतो. सह्याद्री त्यात फार सुंदर दिसतो. लाइन चांगली नसेल तर एक्स-प्लेन १२. आणि काहीही विकत घेण्याआधी फ्लाइटगिअर मोफत उतरवून पुठ्ठ्याच्या दिवसांत तेच चालवा. संगणक कॉकपिटच्या पेटीत कोंडू नका, एप्रिल-मेमध्ये तो तापून मंदावतो. यूपीएसचं तुम्हाला काय सांगायचं.

आता भाच्याचं. घरच्या कॉकपिटमधला एकही तास लॉगबुकात धरला जात नाही. कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात उपकरणांवरच्या सरावाचे काही तास सिम्युलेटरवर चालतात, पण ते डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्यता दिलेल्या यंत्रावरचे. हे त्याला आणि त्याच्या आई-वडिलांना आजच स्पष्ट सांगा. त्यांनी फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्यावं, हेही सांगा.

तरी उपयोग मोठा आहे. चेकलिस्टचा क्रम हातात बसतो. सहा घड्याळांवरून नजर फिरवायची सवय लागते. व्हॅटसिमच्या मोफत ऑनलाइन नेटवर्कवर खरी माणसं हवाई वाहतूक कंट्रोलर म्हणून बसलेली असतात, त्यांच्याशी बोलून रेडिओची भीती जाते. हे सगळं विमानाचं भाडं चालू असताना शिकणं फार महाग पडतं. पण एका वाईट सवयीला जपलं पाहिजे. सिम्युलेटरवर वाढलेला मुलगा खऱ्या विमानात बसला की घड्याळांकडेच पाहत राहतो, तर चांगल्या हवेत उडायचं शिक्षण बाहेरचं क्षितिज पाहून होतं. आसनातून जाणवणारा भार, उतरताना कडेनं वर येणारी जमीन, हे घरी कधीच मिळत नाही. म्हणून तो बसेल तेव्हा अधूनमधून त्या पंधरा इंची मॉनिटरवर कापड टाका आणि त्याला फक्त क्षितिज आणि इंजिनाचा आवाज यांवर उडू द्या. उतरण्याचे धडे मात्र त्याच्या इन्स्ट्रक्टरवर सोडा, घरी ते फार गिरवू देऊ नका.

एक चौकशी तातडीची आहे. तो ज्या संस्थेत जाणार तिथं कोणतं विमान आहे, आणि त्यात गोल घड्याळं आहेत की गार्मिन जी१०००चे दोन मोठे पडदे, हे विचारून घ्या. पडदे असतील तर पॅनेलचा पुढचा पत्रा वेगळा लागेल, मागचा मॉनिटरही रुंद लागेल. आसन, पेडल, योक, थ्रॉटल, ट्रिम यांत काहीच बदल नाही. तेव्हा पुठ्ठ्याचं काम या आठवड्यात सुरू करा, आसन शोधायला लागा. अ‍ॅक्रिलिक मात्र त्याचं उत्तर आल्यावरच कापायला द्या.